नोकरी करत यूपीएससी देणाऱ्यांची बॅच : फी कशासाठी भरावी आणि कशासाठी भरू नये

नागरी सेवा परीक्षेची तयारी नोकरी न सोडता करू पाहणाऱ्यांसाठी अनेक शिकवणी संस्था आता स्वतंत्र बॅच चालवतात. रात्रीचे ऑनलाइन वर्ग, शनिवार-रविवारच्या जोडतासिका, झालेल्या तासांचे रेकॉर्डिंग, चालू घडामोडींचे मासिक संकलन, रोजचे उत्तरलेखन, सराव परीक्षा आणि प्रत्येकाला एक मेंटॉर असा त्यांचा साधारण साचा असतो. अशा एका बॅचमध्ये पूर्ण फी भरून मी पूर्व परीक्षेच्या तयारीपासून मुख्य परीक्षेपर्यंतची एक फेरी पूर्ण केली आहे आणि तिच्या प्रत्येक सेवेबद्दलचे मत येथे मांडत आहे. साचा सगळीकडे बराचसा सारखाच असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही. माझे मत असे, की नोकरदार उमेदवाराला अभ्याससाहित्य कमी पडत नाही. आज काय वाचायचे, काय कायमचे सोडून द्यायचे आणि कोणत्या महिन्यात कशाला हात लावायचा नाही, हे ठरवायला लागणारी उसंत त्याला कमी पडते. या बॅचमधील ज्या सेवांनी हे ठरवण्याचा भार माझ्यावरून उतरवला, त्यांनी भरलेल्या पैशांचे चीज केले. ज्या सेवांनी केवळ वाचायच्या कागदांत भर घातली, त्यांचा उपयोग झाला नाही.

माझी परिस्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून या मताचे मोजमाप करता येणार नाही. मी सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेत परिविक्षाधीन अधिकारी म्हणून नुकतीच रुजू झाले होते. हा परिविक्षेचा काळ दोन वर्षांचा असतो, त्या काळात कामाचे मूल्यमापन चालू असते आणि रजा मागताना दहा वेळा विचार करावा लागतो. शाखेतील व्यवहाराची वेळ संपल्यावर काम संपत नाही. दिवसअखेरीचा ताळा, कर्जप्रस्तावांची छाननी, थकीत खात्यांचा पाठपुरावा आणि वरून आलेल्या एखाद्या मोहिमेचे उद्दिष्ट हे सगळे त्यानंतरच सुरू होते. नवीन नोकरीत आणखी एक गोष्ट असते, जिच्याबद्दल तयारीच्या चर्चांमध्ये फारसे बोलले जात नाही. कामाचे तास जितके थकवतात, त्याहून अधिक थकवा नवे काम शिकण्याचा येतो. पहिल्या काही महिन्यांत प्रत्येक नोंद दोनदा तपासावी लागते, प्रत्येक परिपत्रक मुळातून वाचावे लागते आणि घरी आल्यावर पुस्तक उघडण्याइतका वेळ असला तरी नवीन काही डोक्यात शिरण्याइतकी जागा उरत नाही. नोकरदारांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही सेवेने ही गोष्ट गृहीत धरायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

या कसोटीवर रात्रीचे थेट वर्ग सर्वांत कमी पडले. शिक्षक जाणकार होते, तयारी करून येत होते, याबद्दल वाद नाही. पण राज्यव्यवस्थेचा विषय १७७३ च्या नियामक कायद्यापासून सुरू होऊन घटना समितीपर्यंत पोचायला कित्येक आठवडे लागले. जे चांगल्या पाठ्यपुस्तकाच्या चाळीस पानांत स्वच्छ मांडलेले आहे, ते रात्री आठ ते साडेदहा या वेळेत ऐकून घेण्यात दिवसातला उरलेला एकमेव तुकडा खर्ची पडत होता. पूर्णवेळ तयारी करणाऱ्याला हा वर्ग चालू शकतो, कारण त्याच्याकडे तोच मजकूर सकाळी पुन्हा वाचायला वेळ असतो. नोकरदाराचा दिवस वर्गाबरोबरच संपतो आणि उजळणी होतच नाही. शनिवारच्या जोडतासिकांची अडचण वेगळी होती. बँकांना फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा असतो, त्यामुळे बाकीच्या शनिवारी दिवसभर चालणारे वर्ग माझ्यासारख्यांना मिळतच नसत. वेळापत्रक पाच दिवसांचा आठवडा असलेल्या खासगी कंपन्यांतील नोकरदार डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले होते आणि नोंदणीच्या वेळी कोणाची नोकरी कोणत्या प्रकारची आहे, हे विचारलेही गेले नव्हते.

रेकॉर्डिंगमुळे हे नुकसान काही प्रमाणात भरून निघाले. दीडपट वेगाने ऐकण्याची सोय होती आणि ती चांगली चालत होती. मात्र प्रत्येक तास किती वेळा पाहता येईल यावर मर्यादा होती आणि पूर्व परीक्षा झाल्यावर त्या भागाचे तास बंद होत होते. ज्याला एक तास तीन बैठकांमध्ये तुकड्यातुकड्याने पाहावा लागतो, त्याला अशी मर्यादा जाचक ठरते. शेवटी मी थेट वर्गांना बसणे सोडले आणि जे विषय मला पूर्णपणे नवे होते, म्हणजे हवामानशास्त्राचा भाग आणि कला व संस्कृती, तेवढेच तास रेकॉर्डिंगवरून पाहिले. अर्थशास्त्राचे बहुतेक तास मी उघडलेही नाहीत. प्राधान्य क्षेत्राला द्यायच्या कर्जाचे ४० टक्क्यांचे आणि त्यातील शेतीचे १८ टक्क्यांचे उद्दिष्ट, मुद्रा योजनेतील शिशु, किशोर आणि तरुण हे गट, थकीत कर्जाच्या वसुलीसाठीचा २००२ चा सरफेसी कायदा, जनधन खाती, रेपो दर बदलल्यावर ग्राहकाच्या हप्त्यावर होणारा परिणाम हे सगळे मी रोज टेबलावर हाताळत होते. नोकरी आणि अभ्यास हे एकमेकांचे शत्रू आहेत, असे मानून या बॅचचे वर्ग आखलेले होते. प्रत्यक्षात प्रत्येक नोकरीत अभ्यासक्रमाचा काही ना काही भाग आधीच येऊन बसलेला असतो आणि तो ओळखून वगळला, तर कितीतरी संध्याकाळी मोकळ्या होतात.

चालू घडामोडींच्या मासिक संकलनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दर महिन्याला जाडजूड पीडीएफ येत असे, त्यात सगळेच असे, आणि म्हणूनच त्यातून काय महत्त्वाचे हे शोधण्याचे काम वाचणाऱ्यावरच पडत असे. एक वर्तमानपत्र, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) निवडक प्रसिद्धिपत्रके आणि ‘योजना’ मासिकाचा एखादा अंक यांवर माझे काम भागले. यांतील पत्र सूचना कार्यालयाचा मजकूर मराठीतही विनामूल्य उपलब्ध असतो आणि ‘योजना’ही मराठीत निघते.

आता उत्तरलेखनाकडे येते. या एका सेवेसाठी मी ही बॅच पुन्हा घेईन. कारण समजून घ्यायचे तर गुणांची विभागणी पाहावी लागेल. पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. निवड होते ती मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ अशा २०२५ गुणांवर. या १७५० गुणांमध्ये २५० गुणांचा निबंध, सामान्य अध्ययनाचे प्रत्येकी २५० गुणांचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर येतात, म्हणजे सगळा मामला हाताने लिहिण्याचा आहे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत वीस प्रश्न सोडवायचे असतात, त्यांपैकी दहा प्रश्न दहा गुणांचे आणि दहा प्रश्न पंधरा गुणांचे. दहा गुणांच्या १५० शब्दांच्या उत्तराला सात मिनिटे आणि पंधरा गुणांच्या २५० शब्दांच्या उत्तराला अकरा मिनिटे धरली, तर १८० मिनिटे बरोबर संपतात. विचार करायला वेगळा वेळ उरत नाही. वाचन बसमध्ये होते, जेवणाच्या सुटीत होते, उजळणी चालता चालताही करता येते. लिहायला मात्र टेबल, कागद आणि सलग वेळ लागतो, आणि नोकरदाराच्या दिवसातून सर्वांत आधी गळून पडते ते हेच काम.

या बॅचने ते गळून पडू दिले नाही, हे तिचे खरे श्रेय आहे. सोमवार ते गुरुवार रोज एकच प्रश्न सकाळी सात वाजता येत असे आणि उत्तराचे छायाचित्र त्याच रात्री अकराच्या आत पाठवायचे असे. अकरानंतर आलेले उत्तर तपासले जात नसे आणि त्यात सवलत मिळत नसे. सुरुवातीला काही सहाध्यायींनी या नियमाविरुद्ध तक्रार केली होती, नोकरदारांना एवढी कडक वेळ लावणे अन्यायाचे आहे असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते संस्थेने तो नियम तसाच ठेवला हे अगदी योग्य झाले. रविवारी सगळी उत्तरे एकदम लिहू, अशी सवलत मिळाली असती, तर रविवार कधी आलाच नसता. प्रश्न सकाळी मिळाल्याने दिवसभर तो मनात घोळत राहत असे, कामाच्या मध्येच एखादे उदाहरण सुचत असे, आणि रात्री प्रत्यक्ष लिहिण्यासाठी दहा-बारा मिनिटे पुरत असत. एवढा वेळ अत्यंत थकलेल्या दिवशीही काढता येतो, हे मला या बॅचमुळे पटले.

तपासणीचा दर्जा मात्र तपासणाऱ्यागणिक बदलत होता. उत्तम तपासणी कशी असते, याचे एक उदाहरण देते. ग्रामीण भागातील वित्तीय समावेशनावर आलेल्या प्रश्नाला मी खात्यांच्या विस्ताराबद्दल आणि बँकमित्रांच्या, म्हणजे गावोगावी बँकेची सेवा देणाऱ्या प्रतिनिधींच्या, जाळ्याबद्दल नेटके उत्तर लिहिले होते. तपासणाऱ्याने मजकुरातील एकही तथ्य चुकीचे ठरवले नाही, पण प्रश्नाचा रोख खाते उघडण्यावर नसून उघडलेले खाते प्रत्यक्ष वापरले जाण्यावर आहे, हे दाखवून दिले. शाखेत रोज दिसणारी निष्क्रिय खाती हेच या उत्तरातील सर्वांत मोलाचे उदाहरण ठरले असते, तेच बाहेर का ठेवले, असेही विचारले. पुढच्या कित्येक उत्तरांना या एका टिपणीचा उपयोग झाला. याउलट काही उत्तरांवर प्रस्तावना चांगली, निष्कर्ष जोडा, आकृती काढा अशा छापील वाटाव्या अशा सूचना असत, ज्या कोणत्याही उत्तरावर लिहिता येतात आणि म्हणून कोणत्याच उत्तराच्या कामी येत नाहीत. नोंदणीआधी संस्थेकडून तपासलेल्या दोन-चार उत्तरपत्रिका नमुन्यादाखल मागून घ्याव्यात. त्या पाहिल्या, तर हा फरक पाच मिनिटांत कळतो.

मराठीतून मुख्य परीक्षा देणाऱ्यांसाठी येथे अधिक सावधगिरीची गरज आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेतून मुख्य परीक्षेची उत्तरे लिहिता येतात आणि या बॅचमध्ये मराठी उत्तरांच्या तपासणीची सोय जाहिरातीत स्पष्ट नमूद केलेली होती. प्रत्यक्षात मराठी तपासणारे फार थोडे होते. इंग्रजी उत्तरे दोन-तीन दिवसांत परत येत, तर मराठी उत्तरांना दीड आठवडाही लागत असे, आणि तोवर लिहिताना कोणता विचार केला होता तेच आठवेनासे होई. एका तपासणाऱ्याने राजकोषीय तूट आणि महसुली तूट यांत गल्लत करून माझे बरोबर उत्तर चुकीचे ठरवले होते. तक्रार केल्यावर ते दुरुस्त झाले, पण अशी चूक पकडण्याइतके ज्ञान नसलेल्या उमेदवाराचे काय झाले असते, हा प्रश्न राहतोच. दुसरा दोष चांगल्या हेतूने केलेल्या कामातून आलेला होता. मराठी उमेदवारांना प्रश्न मराठीत भाषांतर करून दिले जात. परंतु भाषा साहित्याचे पेपर वगळता मुख्य परीक्षेच्या प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतात, म्हणजे प्रश्न एका भाषेत वाचून उत्तर दुसऱ्या भाषेत लिहिण्याचे कसब परीक्षेत लागते. सरावात तेच काढून घेतले, तर तयारी अपुरी राहते. मी मागणी केल्यावर मला मूळ इंग्रजी प्रश्न मिळू लागले. हीच रीत सर्वांसाठी असायला हवी.

उत्तरलेखनाइतकीच मोलाची दुसरी सेवा म्हणजे मेंटॉर. आठवड्यातून एकदा वीस मिनिटांचे फोनवरील बोलणे, एवढीच ती सेवा. माझ्या पहिल्या मेंटॉरनी, ज्यांनी स्वतः नोकरीत राहून मुख्य परीक्षा दिलेली होती, पहिल्या बोलण्यात कोणतेही पुस्तक सुचवले नाही. त्यांनी माझ्याकडून एका आठवड्याची तासागणिक नोंद मागवली आणि ती समोर ठेवून माझ्या वाचनयादीतील निम्म्याहून अधिक गोष्टी काटल्या. प्रत्येक विषयाला एकच मुख्य पुस्तक आणि त्याच पुस्तकाची पुन्हा पुन्हा उजळणी, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणाऱ्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आधी आणि सराव संच नंतर, आणि संस्थेचेच मासिक संकलन पूर्णपणे बंद, असे त्यांनी ठरवून दिले. संस्थेची माणसे संस्थेचेच साहित्य वाचू नका असे सांगतात, तेव्हा त्या सल्ल्यावर विश्वास बसतो.

त्यांनी आखून दिलेले वर्ष मला अजूनही उत्तम नियोजनाचा नमुना वाटते. पूर्व परीक्षा बहुधा मे महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आसपास असते; २०२३ मध्ये ती २८ मे रोजी आणि २०२५ मध्ये २५ मे रोजी झाली. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे ती २६ मेवरून १६ जूनला नेली होती, पण तो अपवाद. बँकेत मार्चअखेरचे काम ३१ तारखेपर्यंत दुसरे काहीही सुचू देत नाही, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या तारखेला जागे होणाऱ्याच्या हातात जेमतेम आठ आठवडे उरतात. म्हणून वैकल्पिक विषय आणि मुख्य परीक्षेचे लेखन ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकायचे, मार्चमध्ये नवीन काहीही हाती घ्यायचे नाही, फक्त आधी केलेल्या टिपणांची उजळणी ठेवायची, आणि एप्रिल-मे पूर्णपणे पूर्व परीक्षेला द्यायचे, अशी त्यांची आखणी होती. मार्चमध्ये अभ्यास होणार नाही हे आधीच मान्य केल्यामुळे त्या महिन्यात अपराधी वाटले नाही आणि शाखेतील कामही नीट झाले. ज्यांची नोकरी हिशेबाची, कराची किंवा लेखापरीक्षणाची आहे, त्यांना हे विशेष लागू पडेल. प्रत्येक नोकरीत असा एक महिना असतोच.

रजेबाबतचा त्यांचा सल्लाही बारकाईचा होता. मुख्य परीक्षेचे पाच दिवस शक्यतो शनिवार-रविवारी येतात. २०२४ मध्ये ते २०, २१, २२, २८ आणि २९ सप्टेंबर असे होते आणि २०२५ मध्ये २२, २३, २४, ३० आणि ३१ ऑगस्ट असे. दोन्ही वर्षी सोमवार ते शुक्रवार या दिवसांतला एकच दिवस, तो शुक्रवार, परीक्षेत गेला. त्यामुळे प्रत्यक्ष परीक्षेला रजा फार लागत नाही. रजा राखून ठेवायची ती पूर्व परीक्षेआधीच्या दोन आठवड्यांसाठी आणि मुख्य परीक्षेआधीच्या शेवटच्या टप्प्यासाठी, आणि ती वरिष्ठांच्या कानावर काही महिने आधी घालून ठेवायची. अचानक मागितलेली रजा नाकारली जाते, पण सहकाऱ्यांच्या रजा आधी निभावून देणाऱ्या नव्या अधिकाऱ्याला बहुधा नकार मिळत नाही, असे त्या म्हणत, आणि माझ्या बाबतीत ते खरे ठरले.

दुर्दैवाने पूर्व परीक्षेनंतर मेंटॉर बदलले गेले. नव्या मेंटॉरना नोकरीचा अनुभव नव्हता आणि दिवसाला किमान आठ तास अभ्यास हवा, या एका वाक्यापलीकडे त्यांचा सल्ला गेला नाही. नोकरदारांच्या बॅचमध्ये असा सल्ला मिळणे ही सेवेतील गंभीर उणीव आहे. पूर्व आणि मुख्य परीक्षेच्या मध्ये जेमतेम तीन महिने असतात आणि नेमक्या याच काळात ओळखीचा मार्गदर्शक सर्वाधिक लागतो. मी लेखी विनंती केल्यावर आधीच्या मेंटॉर परत मिळाल्या, याची नोंद संस्थेच्या बाजूने करायला हवी.

सराव परीक्षा समाधानकारक होत्या. त्या रविवारी, खऱ्या परीक्षेच्याच वेळी, सकाळी साडेनऊला आणि दुपारी अडीचला घेतल्या जात. जे उमेदवार आठवडाभर रात्रीच अभ्यास करतात, त्यांच्या मेंदूला सकाळी साडेनऊला शंभर प्रश्न सोडवण्याची सवय लावणे आवश्यक असते. चुकलेल्या उत्तरांचे विश्लेषण चांगले होते, कारण त्यात माहिती नसल्याने चुकलेले आणि अंदाजाने चुकलेले प्रश्न वेगळे दाखवले जात. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला त्या दोन गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो, त्यामुळे हा फरक कळणे महत्त्वाचे आहे. सीसॅटचे, म्हणजे पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या, कल चाचणीच्या पेपराचे वर्ग मात्र सर्वांना एकाच मापाने दिलेले होते. हा पेपर २०० गुणांचा आणि ३३ टक्क्यांचा, केवळ पात्रतेपुरता आहे. ८० प्रश्नांपैकी २७ प्रश्न एकही चूक न करता सोडवले, तरी ६७.५ गुण होतात आणि तेवढे पुरतात. बँकेच्या परीक्षा देऊन आलेल्यांना अंकगणिताचा सराव असतो, त्यांना उताऱ्यांवर थोडे लक्ष दिले तर काम भागते. कला शाखेच्या पार्श्वभूमीच्या माझ्या एका सहाध्यायीला याच वर्गांचा फार उपयोग झाला, त्यामुळे ते निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. प्रवेशाच्या वेळी एक चाचणी घेऊन कोणाला त्यांची गरज आहे, ते सांगता आले असते.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेसाठी संस्थेने वेगळ्या शुल्कात जोडअभ्यासक्रम देऊ केला होता. पूर्वी राज्यसेवेची मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि बहुतांशी वस्तुनिष्ठ होती. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली असून तिचे गुणही १७५० आणि मुलाखतीचे २७५ असेच आहेत. त्यामुळे एकच उत्तरलेखन दोन्हीकडे उपयोगी पडते, आणि वेगळे करायचे उरते ते महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल आणि अर्थव्यवस्था एवढेच. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ विनामूल्य मिळते. जोडअभ्यासक्रम मी घेतला नाही आणि तो घ्यावा असे सुचवणारही नाही.

शुल्काबद्दल थोडे परखडपणे लिहिणे भाग आहे. जाहिरातीतील रकमेत १८ टक्के जीएसटी धरलेला नव्हता, तो भरताना कळला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘सोपे मासिक हप्ते’. हे हप्ते संस्था देत नव्हती; एका वित्तसंस्थेकडून उमेदवाराच्या नावावर कर्ज काढून संपूर्ण रक्कम संस्थेला आधीच दिली जात होती. म्हणजे बॅच मध्येच सोडली, तरी कर्ज चालूच राहते, हप्ता चुकला तर त्याची नोंद पतअहवालात होते, आणि पुढे घरासाठी किंवा शिक्षणासाठी कर्ज मागताना ती समोर येते. कर्जप्रस्ताव तपासणे हेच माझे काम असल्यामुळे मी तो करार पूर्ण वाचला आणि हप्ते न घेता रक्कम भरली. ज्यांना पहिला पगार नुकताच मिळू लागला आहे, त्यांनी हा करार वाचल्याशिवाय सही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

यशस्वी उमेदवारांच्या छायाचित्रांबद्दलही सांगायला हवे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार यशस्वी उमेदवाराने कोणता अभ्यासक्रम घेतला होता, तो किती काळाचा आणि सशुल्क होता का, हे जाहिरातीत स्पष्ट द्यावे लागते. माझ्या संस्थेच्या पानावरील बहुतेक चेहऱ्यांखाली मुलाखत मार्गदर्शनाचाच उल्लेख होता. मुलाखतीचे मार्गदर्शन घेतलेला उमेदवार पूर्व आणि मुख्य परीक्षा आधीच उत्तीर्ण झालेला असतो, त्यामुळे त्या चेहऱ्यांवरून नोकरदारांच्या बॅचबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही. मी समुपदेशकाला नोकरदारांच्या बॅचमधून किती जण मुख्य परीक्षेला पात्र झाले, असे विचारले होते. उत्तर मिळाले नाही.

एका बाबतीत संस्थेने पूर्ण मौन पाळले, ती म्हणजे कार्यालयीन परवानगी. सरकारी सेवेत, किंवा सार्वजनिक उपक्रमांत असलेल्या उमेदवाराने परीक्षेला बसत असल्याचे कार्यालयप्रमुखांना लेखी कळवले आहे, असे हमीपत्र केंद्रीय लोकसेवा आयोगाला द्यावे लागते, आणि नियोक्त्याने परवानगी रोखल्याचे आयोगाला कळवल्यास उमेदवारी रद्द होऊ शकते. नोकरदारांच्या बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी अशी ही माहिती आहे. मला ती मेंटॉरकडून कळली, संस्थेच्या कोणत्याही पत्रकात ती नव्हती. नवीन नोकरीत अर्ज भरण्याच्या आधीच हे पत्र देऊन त्याची पोच घेऊन ठेवावी.

ज्यांचा पाया पदवीतून किंवा आधीच्या तयारीतून झालेला आहे आणि ज्यांना लिहायला बसवणारा, यादी काटून देणारा कोणीतरी हवा आहे, त्यांना ही बॅच मी सुचवीन. ज्यांना सगळे विषय पहिल्यापासून शिकायचे आहेत, त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षात ती झेपणार नाही. त्यांनी एनसीईआरटीची शालेय पुस्तके स्वतः वाचून वर्षभराने नोंदणी करावी. पूर्व परीक्षेनंतर हीच संस्था उत्तरतपासणी आणि मेंटॉर या दोन सेवा वर्गांशिवाय, बऱ्याच कमी शुल्कात वेगळ्या देते, हे मला उशिरा समजले. चौकशीला जाल तेव्हा ही सोय सुरुवातीपासून मिळेल का, ते आवर्जून विचारा. बदली झाली किंवा प्रशिक्षणासाठी बाहेर पाठवले गेले, तर एकदा पुढच्या बॅचमध्ये विनाशुल्क जाता येते, असा नियमही येथे आहे. परिविक्षाकाळात शाखा बदलणाऱ्यांना तो फार उपयोगाचा आहे, मात्र त्यासाठीचा अर्ज पूर्व परीक्षेच्या आधी द्यावा लागतो.